पाय डॉक्टरनं घालवला, १,६९,६०० रुपये भरपाईवाल्यानं

आकडा आधी सांगतो, म्हणजे कुणी विचारायला नको. एक लाख एकोणसत्तर हजार सहाशे. यात माझी छोटा हत्ती गाडी गेली, बायकोचं गंठण गेलं आणि एका हंगामाचं सोयाबीन गेलं. पण पैसा हा त्यातला लहान भाग आहे. भरपाई मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या दलालानं माझी तक्रार दाखल करायची मुदत खाल्ली. पैसा उद्या कमावता येईल, गेलेली मुदत कुठून आणू?

मी मांजरा काठच्या गावचा. ४ जुलै २०२२ ला पावसात मोटारसायकल घसरली, उजव्या पायाची नळी मोडली. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात संध्याकाळी प्लास्टर घातलं. रात्रीपासून असा ठणका की मी पलंगाचा गज चावत होतो. बायको दोनदा सिस्टरकडे गेली, एकदा डॉक्टरांकडे. उत्तर एकच, "हाड मोडलंय, दुखणारच." तिसऱ्या दिवशी बोटं काळीनिळी आणि बर्फासारखी गार. बायकोनं अंगठ्याला चिमटा घेतला, मला कळलं नाही. तेव्हा लातूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्लास्टर कापल्याबरोबर मान हलवली. आत सूज वाढत गेली की घट्ट प्लास्टरमध्ये रक्त फिरत नाही, स्नायू काही तासांत मरतो, हे मला त्यांनीच समजावून सांगितलं. वेळेत प्लास्टर चिरलं असतं तर पाय राहिला असता. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, गुडघ्याखालून पाय काढला. पहिल्या दवाखान्याचं बिल ६१,४०० रुपये. पाय घालवायचे पैसेही आम्हीच भरले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत तो भेटला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, काखेत फाइल. मला बसायला स्वतःची जागा दिली. सगळं ऐकून घेतलं. सात महिन्यांत माझं पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला माणूस होता, हे लक्षात ठेवा. मग म्हणाला, "दादा, ही तर उघडउघड हलगर्जी हाय. अठरा लाख कुठं जात नाहीत. ग्राहक कोर्टात माझे वकीलसाहेब हायत."

लोक आता म्हणतात, एवढा बारावी शिकलेला माणूस, वकील गाठायचा सरळ. गाठला होता! एक नाही, दोन. पहिल्यानं सांगितलं, इथले सगळे डॉक्टर माझ्या ओळखीचे, मी घेत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, डॉक्टरविरुद्ध काही होत नसतं, घरी जा. काही होत नसतं म्हणे. पैसे देऊन उपचार घेतले की डॉक्टर ग्राहक कायद्यात येतो, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्येच ठरवून ठेवलंय. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या पांढऱ्या शर्टाच्या नादी कशाला लागलो असतो?

पैसे कसे गेले ते ऐका. फाइल खोलायचे ५,१००. मार्चमध्ये वकिलाचे आगाऊ ३५,०००, बाकी फी भरपाई मिळाल्यावर तीस टक्के, असं स्टॅम्पवर लिहून. मला वाटलं लेखी करतोय म्हणजे माणूस पक्का आहे. तुम्ही मात्र हे ध्यानात ठेवा, निकालातून टक्का ठरवून घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो टक्क्याचा स्टॅम्प करून देतो तो एकतर वकील नाही, नाहीतर नियम मोडणारा वकील आहे. दोन्हीकडून पळा. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर विचारा. मी वकीलसाहेबांचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, दरवेळी ते "हायकोर्टात" असायचे.

ऑगस्टमध्ये ४२,०००, तज्ज्ञ डॉक्टरच्या अभिप्रायासाठी. ही थाप पचली, कारण तिच्यात खऱ्याचा अंश होता. डॉक्टरवर पोलिसात गुन्हा घ्यायचा तर आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं, असं सुप्रीम कोर्टाचं २००५ चं सांगणं आहे. पण ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, प्रत्येक केसला तज्ज्ञाचा अभिप्राय सक्तीचा नाही, हेही त्याच कोर्टानं २०१० मध्ये सांगितलंय. पहिलं त्यानं सांगितलं, दुसरं गिळलं. हे ४२,००० फोनपेवर घेतले आणि नाव आलं एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, मिसेसचं खातं. गाडी विकून आलेल्या पैशातले हे पैसे.

जानेवारी २०२४ मध्ये कोर्ट फी म्हणून २७,०००. अठरा लाखांचा दीड टक्का. गंठण मोडलं ते याला. आणि खरी फी किती आहे? शून्य! जिल्हा आयोगात फी तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नसते, तुम्ही दवाखान्याला मोजलेल्या पैशावर असते. ती रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर एक रुपयासुद्धा लागत नाही. माझं बिल ६१,४००. अधूनमधून "जाण्यायेण्याचे" म्हणून घेतलेले ६,५०० वेगळे.

कागदांचं सांगायचं राहिलं. पहिल्याच महिन्यात त्यानं डिस्चार्ज कार्ड, बिलं, एक्सरे, सगळं मूळ मागितलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आवो, झेरॉक्स द्या की, अस्सल कामून देता?" मी तिच्यावर खेकसलो. कोर्टाचं तुला काय कळतंय, असं म्हणलो. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. ती पिशवी परत आली नाही.

आता तो दिवस.

दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी, त्यानं मला बसस्टँडजवळच्या हॉटेलात बोलावलं. प्लास्टिकच्या कव्हरमधून हिरवा लेजर कागद काढला. वर ठळक अक्षरात "जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंच". खाली माझं नाव, दवाखान्याचं नाव, गोल जांभळा शिक्का आणि "रु. १८,००,०००/- (अक्षरी अठरा लाख फक्त)". आदेशाची तारीख १७ सप्टेंबर २०२४.

१७ सप्टेंबर! मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाला ही तारीख दिसते आणि काही वाटत नाही? मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी कचेऱ्यांत झेंडावंदन असतं, निकाल लागत नसतात. त्या वर्षी तर त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. त्या सकाळी मी स्वतः कुबड्या घेऊन झेडपीच्या शाळेत झेंड्याला गेलो होतो. मास्तरांनी माझ्यासाठी खुर्ची टाकली होती, पोरगी लेझीममध्ये पहिल्या रांगेत होती. संध्याकाळी गावचा गणपती मांजरेत गेला. एवढं सगळं डोळ्यासमोर असताना त्याच दिवसाचा "निकाल" मी हातात धरून बसलो. तारखेवर बोट होतं माझं! बोट तारखेवर आणि डोळे अठरा लाखांवर. पोरीची शाळा, नवा पाय, गाडी परत घेणं, सगळं एका मिनिटात मांडून झालं होतं डोक्यात. दुसरी खूण म्हणजे "मंच". २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, तेव्हापासून मंच गेला, आयोग आला. जिल्ह्याला त्या कचेरीवरून एसटीनं जाताना "आयोग" ही पाटी मी दहा वेळा वाचली असेल.

तो म्हणाला, डीडी तयार आहे, तीन टक्के टॅक्स आधी भरावा लागतो. ५४,०००. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, पण खरेदी केंद्रावर नंबर लागायला कोण थांबणार? आडतीवर ४,०५० नं चौदा क्विंटल घातलं, ५६,७०० आले, त्यातले ५४,००० रोख त्याच्या हातात दिले. मिळणाऱ्या पैशातून टॅक्स कापून उरलेले द्या, एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. कोणतंही कोर्ट, कोणतंही सरकारी खातं तुम्हाला पैसे द्यायला तुमच्याकडून हॉटेलात रोख घेत नाही.

२० डिसेंबरपासून फोन बंद. ६ जानेवारी २०२५ ला मी तो हिरवा कागद घेऊन आयोगात गेलो. बाबूंनी रजिस्टर पाहिलं, कॉम्प्युटरवर पाहिलं. मग तारखेवर पेन ठेवून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी आम्ही सगळे झेंडावंदनाला होतो." माझी तक्रार दाखल झालीच नव्हती. तक्रार दोन वर्षांत दाखल करायची असते. माझी मुदत ११ जुलै २०२४ ला संपली. तेव्हा मी घरी बसून त्याच्या "पुढच्या तारखेची" वाट पाहत होतो.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात मी सात खेपा घातल्या. एका पायावर, दर खेपेला दोन एसटी बदलून. पहिल्या दिवशी, हा दिवाणी मामला आहे. दुसऱ्या खेपेला, पैसे बसस्टँडजवळ दिले ना, मग ती हद्द आमची नाही. त्या हद्दीत गेलो तर, तुम्ही राहता तिकडे जा. जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यानं हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी साहेबांना ते माहीत नसेल, असं मला वाटत नाही. तिसऱ्या खेपेला, २०२३ चे पैसे जुन्या कायद्यात बसतात आणि नोव्हेंबर २०२४ चे नव्या, आधी ते ठरवू द्या. ठरवायला किती दिवस? साहेब बंदोबस्तात आहेत. फोनपेच्या ४२,००० साठी सायबरकडे पाठवलं. तिथं म्हणाले, १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा होता, दीड वर्षानं काय करणार. रोख दिलेल्याचा पुरावा मागितला. मी हिरवा कागद पुढे केला तर एक हवालदार म्हणाला, "तुम्हीच बनवला नसंल कशावरून?" मी खुर्चीशिवाय दीड तास उभा होतो हो! भिंतीला कुबड्या टेकवून. बाजूला तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बायको बाहेर झाडाखाली डबा घेऊन बसलेली. तिनं आत येऊन विचारलं, माणसाला बसू तरी द्या, तर तिलाच बाहेर काढलं.

तक्रारी अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारीख घालून. मी पहिल्या तीन अर्जांची घेतली नाही, ते तीन अर्ज आता कुणालाच सापडत नाहीत. शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला, तेव्हा एप्रिलमध्ये गुन्हा नोंद झाला. आरोपी अजून "शोध सुरू" मध्येच आहे.

आणि या चार महिन्यांनी माझं काय केलं ते सांगतो. दवाखान्यानं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असतं आणि मागितलं की ७२ तासांत नक्कल द्यायची असते, असा डॉक्टरांच्या परिषदेचा २००२ चा नियम आहे. हे मला कळलं ऑगस्ट २०२५ मध्ये, वकिलांकडून. माझी तीन वर्षं जुलैत भरली. दवाखान्यात गेलो, काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एवढं जुनं आम्ही ठेवत नाही. गुन्ह्याची नक्कल जानेवारीतच मिळाली असती, तर हेच वकील मला जानेवारीत भेटले असते. म्हणून सांगतो, कुणाचा हातपाय गेला असेल, कुणाचं लेकरू गेलं असेल, तर रडणं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात इनडोअर केस पेपरसाठी, म्हणजे दवाखान्यातल्या उपचारांच्या नोंदींच्या कागदांसाठी, लेखी अर्ज टाका. पोच घ्या. अस्सल कागद ट्रंकेत कुलपात ठेवा.

हे वकील मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं दिले. फुकट. दिव्यांग माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कायदाच आहे तसा, १९८७ चा. १५१०० या नंबरवर फोन केला तरी सांगतात. ज्या रांगेत मी अपंगत्वाचा दाखला काढत होतो, त्या रांगेत ही पाटी कुणी लावली असती तर तो माणूस तिथं उभाच राहू शकला नसता. दलाल तिथं रोज येतो आणि सरकारची पाटी येत नाही, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे.

लातूरच्या केस पेपरची नक्कल मिळाली. त्यात पहिल्या दिवसाच्या नोंदीतच लिहिलंय, घट्ट प्लास्टर, बोटं थंड, संवेदना नाही. त्या आधारावर तक्रार आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दाखल केलाय. आयोगाला कारण पटलं तरच पुढची केस चालेल. या वेळी नंबर मी स्वतः आयोगात जाऊन रजिस्टरला बघून आलो.

चार दिवसांपूर्वी परभणीकडच्या एका ताईंचा फोन आला, पाहुण्यांकडून माझा नंबर मिळवून. त्यांच्या मुलाचा हात कोपरापासून गेलाय. दाखल्याच्या रांगेत एक जण भेटला, पांढरा शर्ट, दोन पेन. फाइल खोलायचे ५,१०० घेतले आणि सोमवारी अस्सल कागद घेऊन बोलावलंय. ताई, मी तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितो. सोमवारी जाऊ नका. मुलाच्या तक्रारीची दोन वर्षं भरायला अजून पाच महिने आहेत. विधी सेवा प्राधिकरणात जा, मी सोबत येतो.