ॲल्युमिनियम सेक्शनचं १२ इंची, १२० दातांचं ब्लेड: आठ महिन्यांनंतर

व्यास ३०५ मिमी, बोअर (मधलं भोक) २५.४ मिमी, दातांच्या टोकाला कार्बाइड या कठीण धातूच्या टिपा, दातांचा कोन उणे, म्हणजे दात मागे झुकलेले. साकीनाक्याच्या गाळ्यात २८०० आरपीएमच्या कट-ऑफ मशीनवर रोज स्लायडिंग खिडक्यांचे सेक्शन (चौकटीच्या पोकळ पट्ट्या) कापतो. आतापर्यंत दोनदा धार लावली.

ॲल्युमिनियमवर हे ब्लेड फार सुंदर चालतं. सेक्शनची भिंत १.२ ते १.५ मिमी, तिथे ६० दातांचं ब्लेड ओढ घेतं आणि कड चेपते. इथे दोन दातांत जेमतेम ८ मिमी अंतर, म्हणून प्रत्येक दात थोडंच कापतो आणि ४५ अंशाचा जोड कानस न मारता बसतो. उणे कोनामुळे ब्लेड मालावर चढत नाही.

ब्लेड मरतं ते कोरडं चालवल्याने. तापलेलं ॲल्युमिनियम दाताच्या टोकाला चिकटतं, आवाज जड होतो, कटावर रेघा उठतात. आठ-दहा कटांमागे एकदा कटिंगचं मेण लावा. चिकटलंच, तर ब्लेड उतरवून रॉकेलमध्ये भिजवा आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, टिपेची कड उडते.

टीप तुटण्याचं कारण बहुधा सैल तुकडा. सेक्शन दोन्ही बाजूंनी आवळा आणि कट झाल्यावर ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलू नका.

ब्लेड बसवताना फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्या) पुसा, हे कितीही सांगितलं तरी कमीच. ८० मिमीच्या फ्लँजच्या कडेला ०.०५ मिमीचा कीस अडकला, तरी दातापाशी डगमग जवळपास चौपट, म्हणजे ०.२ मिमी होते. मुंबईच्या नागदेवी बाजारात खरेदीला जाताना स्पिंडल (ब्लेड बसतं तो दांडा) मोजून जा; ३० मिमी बोअरचीही ब्लेडं असतात.

५ मिमी ॲक्रिलिक छान कापतं. वरचा कागद काढू नका आणि मध्येच थांबू नका, नाहीतर वितळलेला कीस मागे पुन्हा जुळतो. प्लायवूडला मात्र नको: दातांमधली जागा भुशाने भरते, कड करपते.

लोखंड कापायचंच नाही, विकणारा काहीही म्हणो. या मशीनवर दाताचा वेग मिनिटाला सुमारे २६८० मीटर. लोखंड कापायचं २७५ मिमी एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ब्लेड मात्र ४५ आरपीएमला मिनिटाला ४० मीटरच्या आसपास चालतं. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) सेक्शन असेल तर आतली लोखंडी पट्टी आधी ओढून काढा. नाहीतर एका कटात रांगेने टिपा जातात.

पावसाळ्यात रोज संध्याकाळी पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. टिपा गंजत नाहीत, पण पोलादी चकती इथल्या दमट हवेत लवकर गंज धरते आणि खरबरीत झाली की कटात घासून तापते.