आजोबांच्या मिलिटरी मेडलची फ्रेम : काम छान, पण हेलपाटा पडला

आजोबांचं मिलिटरी मेडल (इंग्रजांच्या काळात लढाईतल्या शौर्यासाठी मिळायचं ते) इतकी वर्षं आत्याच्या ट्रंकेत, तंबाखूच्या डबीत होतं. यंदा आत्या म्हणाली, "पोरांना दिसंल असं कुठंतरी लाव." म्हणून साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बोळातल्या फ्रेमवाल्याकडं नेलं.

काकांनी आधी ब्रासोच काढला. मी हात धरला. चांदी काळी पडलीय, पडू दे. काठावर आजोबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि 'महरट्टा एल. आय.' (मराठा लाइट इन्फंट्री, त्यांची रेजिमेंट) अशी बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली आहेत, घासून तीच आधी जातात. काकांनी भिंगातून नंबर वाचला आणि ब्रासो स्वतःच खाली ठेवला. इथंच माणूस आवडला.

"व्हिक्टोरिया क्रॉस का हो?" काकांनी विचारलं. नाही, ते इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. तो याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगेंचा. 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर खोरं. सेक्शनमधली, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतली माणसं गोळीबारात पडली, तरी हे मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच गेले. वय 22. आमच्या आजोबांचं मिलिटरी मेडल, तेही इटलीतलंच. सेक्शन कमांडर पडल्यावर उरलेली माणसं यांनी पुढं नेली, एवढंच घरात सांगतात. स्वतः ते कधी बोलले नाहीत. पेन्शनच्या तारखेवर मात्र तासभर बोलायचे.

सहाव्या दिवशी फ्रेम मिळाली. सागवानी पट्टी, कोपरे सुरेख जुळलेले. पण मेडल डबल टेपनं पाठीवर चिकटवलेलं! म्हणजे सहाव्या जॉर्जचा मुखडा पुढं आणि 'फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड' ही अक्षरं टेपखाली. आत्या भडकलीच. "राजाला काय ओवाळायचंय? मागं काय लिवलंय ते दाव."

परत गेलो. काकांनी वाद घातला नाही. दोरा फिरवून टेप सोडवला, खोल पेटी केली, दोन्ही बाजूंना काच, आणि मेडल रिबिनीवर लोंबतं ठेवलं. नवी सॅटिनची रिबीन देत होते, ती नको म्हटलं. निळ्या रंगावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांची विरलेली जुनीच राहिली.

1,400 ठरले होते, मागच्या काचेचे 350 वेगळे लावले. चूक त्यांची, ते घ्यायला नको होते. पाचपैकी चार.

फ्रेम भिंतीवर लावलीच नाही, टीव्हीशेजारी उभी आहे. आत्या आली की फिरवून ठेवते.