दात खाण्यावर जबड्यात बोटॉक्स: पहिल्या फेरीनंतरचा अनुभव

मला झोपेत दात खायची सवय आहे, आणि जुनी आहे. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, जबडा जड व्हायचा. मी गाणं शिकवते, त्यामुळे पहिल्याच शिकवणीला मोकळा आकार लावताना जबडा ओढल्यासारखा वाटायचा. दाढेवरची कॅप तुटली, पुन्हा बसवली, पुन्हा तुटली. नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कवच, नेमाने वापरत होते. डेंटिस्टनी एकदा तो उजेडात धरून दाखवला तेव्हा मागच्या बाजूला तो पार झिजून पातळ झाला होता. त्यानंतर त्यांनी मॅसेटर या चावण्याच्या स्नायूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, सुईने देण्याचा पर्याय पुढे ठेवला. त्या औषधाची पहिली फेरी पूर्ण होऊन परिणाम ओसरायला लागलाय, म्हणून आता लिहिते.

माझं मत आधी सांगते. दुखणं स्नायूचं असेल तर हा उपचार खरंच उपयोगी आहे. दात खायची सवय त्याने जात नाही, आणि जाईल असं कोणी सांगत असेल तर दुसरा डॉक्टर शोधा.

मला सगळ्यात आवडली ती सुईच्या आधीची तपासणी. डॉक्टरांनी दोन्ही गालांवर बोटं ठेवून दात घट्ट आवळायला सांगितलं. बोटाखाली स्नायू गाठीसारखा टणक होऊन वर आला, तो त्यांनी माझाच हात धरून मला दाखवला. मग कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडायला-मिटायला लावलं. माझ्या उजव्या सांध्यात कटकन आवाज येतो. तो सांध्यातल्या चकतीचा आहे, बोटॉक्सने थांबणार नाही, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात का तेही पाहिलं. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार आहे का, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स चालू आहेत का, हे सगळं विचारून लिहून घेतलं. ज्या दवाखान्यात हे प्रश्न विचारत नाहीत तिथे मी तरी सुई घेणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने हे औषध १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी मान्य केलं, २००२ मध्ये कपाळावरच्या भुवयांमधल्या आठ्यांसाठी. दात खाण्यासाठी मात्र त्यांची मान्यता नाही. डॉक्टर आपल्या अनुभवाच्या आणि अभ्यासाच्या जोरावर ते वापरतात. हे त्यांनी आधी सांगितलं, मग संमतीपत्रावर सही घेतली.

प्रत्यक्ष सुईला फारच थोडा वेळ लागला. कुपी फ्रिजमधून काढून माझ्यासमोर सलाईन घालून पावडर विरघळवली, लेबल वाचायला दिलं. कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलने एक रेघ मारली आणि सगळे ठिपके त्या रेघेच्या खाली, स्नायूच्या पुढच्या कडेपासून बऱ्यापैकी मागे ठेवले. औषध पुढे पसरलं तर हसण्याच्या स्नायूंना लागतं आणि हसू वाकडं होतं, म्हणून ही काळजी. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २५ युनिट. युनिटचा आकडा ब्रँडगणिक बदलतो, एका कंपनीचे २५ म्हणजे दुसऱ्या कंपनीचे २५ नव्हेत. तेव्हा ओळखीच्यांशी आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही. सुई बारीक असते, पण स्नायूत खोल जाते, त्यामुळे दाबल्यासारखं जाणवतं. त्या दिवशी गाल चोळायचा नाही आणि पुढचे काही तास आडवं व्हायचं नाही, एवढंच पथ्य होतं.

नंतर काही दिवस काहीच फरक नव्हता. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस हिरमुसतो. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटाइलकोलीन सुटतं आणि त्याने स्नायू आवळला जातो. हे औषध ते सुटणंच अडवतं, आणि त्याचा जोर चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात. एका सकाळी उठून बराच वेळ झाल्यावर लक्षात आलं की आज कानशिलांकडे माझा हातच गेला नाही. आकार लावताना जबडा आपसूक खाली येत होता. गाण्यातल्या शब्दोच्चारांची मला धास्ती होती, पण त्यात काडीचा फरक पडला नाही. मॅसेटर तोंड मिटण्याचं काम करतो. ओठ आणि जीभ हलवणारे स्नायू वेगळे. टणक काही चावताना मात्र जबडा लवकर दमायचा. सुरुवातीचे काही आठवडे हे राहिलं.

दात खाणं चालू आहेच. आवळायचा हुकूम मेंदूकडून येतो, तो सुईने बंद होत नाही. फक्त स्नायू पूर्वीच्या ताकदीने तो पाळू शकत नाही. म्हणून गार्ड सुटत नाही. झिजलेलं इनॅमल परत येत नाही आणि माझा सांध्यातला आवाजही तसाच आहे.

आता सौंदर्याचा भाग. काम कमी झालं की स्नायू बारीक होतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत माझ्या जबड्याचे कोपरे उतरले. चेहरा निमुळता झाला असं लोक म्हणाले. मला ते वाईट दिसत नाही, पण मी त्यासाठी गेले नव्हते, आणि दवाखान्याच्या माहितीपत्रकात ‘चेहरा सडपातळ करा’ हे दुखण्याच्या वर छापलेलं मला खटकलं. ज्यांचे गाल आधीच बसलेले आहेत किंवा वयाने त्वचा सैल झाली आहे, त्यांचा चेहरा याने ओढलेला दिसू शकतो. दुखणं अजिबात नसताना केवळ चेहऱ्याच्या आकारासाठी चावण्याचा स्नायू वर्षानुवर्षं दुबळा ठेवणं मला पटत नाही. चावण्याचा भार कमी झाला की जबड्याचं हाड विरळ होतं असं प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे.

माझ्या मावसबहिणीने हसताना हिरड्या फार दिसतात म्हणून हेच औषध घेतलं. नाकपुडीच्या बाजूला अगदी थोडे युनिट, वरचा ओठ कमी उचलला जातो, आणि तिला ते शोभलं. पण तिच्याही डॉक्टरांनी आधी दातांची उंची आणि वरच्या जबड्याचं हाड तपासलं होतं. कारण हाडात असेल किंवा हिरडी दातावर जास्त उतरलेली असेल तर उपचार वेगळा.

एक तक्रार आहे. पुढच्या फेऱ्यांचं पॅकेज आताच घ्या म्हणून बाहेरच्या काउंटरवर आग्रह झाला. मी घेतलं नाही. पुढचा डोस किती आणि लागणार का, हे स्नायू पुन्हा तपासूनच ठरायला हवं. शिवाय फेऱ्या घाईने घेतल्या तर शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन औषध लागू पडेनासं होऊ शकतं, म्हणून निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवायला सांगतात. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केलं. काउंटरवर मात्र तो निरोप पोचायला हवा होता.

परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. सध्या सकाळी थोडा जडपणा परतलाय, दुखणं नाही. दुखायला लागलं तरच पुढची फेरी घेईन. मधल्या काळात स्नायू सैल असताना दाढेची नवी कॅप बसवून घेतली आणि नव्या गार्डसाठी मापही दिलं, आणि हे दोन्ही त्या काळात उरकून घ्या असं मी कोणालाही सांगेन.