सायकलस्वाराचा आतला थर: सुती, पॉलिएस्टर, मेरिनो की मिश्र?

सोलापुरात राहणाऱ्याने मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीच्या बनियनवर पैसे खर्चावेत की नाहीत, हा प्रश्न उन्हाळ्याची झळ सोसलेल्या शेजाऱ्यांना हास्यास्पद वाटतो, आणि त्यांचे हसणे अगदीच निराधार नाही. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचा पारा बहुधा १४ ते १७ अंशांच्या आसपास राहतो आणि थंडीची लाट आली तर १० च्या जवळ उतरतो. म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर घालून जाणे पुरेसे होते. सायकलवर मात्र वारा आपणच निर्माण करत असतो. १० अंश तापमानात ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांचा गारठा जाणवतो, आणि हिमालयात शून्य अंशाला ताशी ५० च्या वेगाने उतरताना तोच उणे ८ अंशांसारखा होतो. त्यात पाठ घामाने ओली असेल, तर थंडी बाहेरून कमी आणि आतल्या कपड्यातून जास्त लागते. म्हणून तुलना उबेची नसून घामाची आहे, हे आरंभीच लक्षात घेतलेले बरे.

सुती बनियनाचा निकाल लवकर लागतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, आणि ज्या गुणामुळे टॉवेल चांगला ठरतो, तोच गुण सायकलस्वाराला नडतो: सूत पाणी शोषते आणि सोडायला तयार होत नाही. तुळजापूरचा घाट पहाटे चढून गेल्यावर देवीच्या गावात चहाला थांबलो आणि नंतर तोच उतार सुती बनियनावर उतरलो, तेव्हा अंगात जी हुडहुडी भरली ती तामलवाडीपर्यंत गेली नाही. थंडीच्या दिवसांत, विशेषतः चढ आणि उतार दोन्ही असलेल्या रस्त्यावर, सुती कपडा अंगालगत नको, एवढे बिनशर्त म्हणता येते.

खरी स्पर्धा पॉलिएस्टर आणि मेरिनो यांच्यात आहे. प्रमाणित हवामानात पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का ओलावा धरतो, सूत सुमारे ८ टक्के, तर लोकर सुमारे १६ टक्के. आणि दमट स्थितीत लोकर ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. याचा अर्थ असा की पॉलिएस्टर घाम शोषत नाही, तो विणीतून बाहेरच्या बाजूला पसरवते आणि वाऱ्याने चटकन वाळते, तर मेरिनो घामाची वाफ पाण्याचे थेंब होण्यापूर्वीच धाग्याच्या आत घेते आणि घेताना थोडी उष्णताही सोडते. दीडशे ग्रॅमचा मेरिनो थर अशा प्रकारे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पाणी निमूटपणे सांभाळतो. परंतु जोरदार चढावर माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम गाळतो, आणि त्या पुरापुढे लोकरीचे पोट लवकर भरते. एकदा पूर्ण भिजलेले मेरिनो पॉलिएस्टरपेक्षा बराच जास्त वेळ ओले राहते. म्हणून दीड-दोन तासांच्या जोरकस फेरीसाठी, उदाहरणार्थ हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन येण्यासाठी, जाळीदार पॉलिएस्टरच सरस आहे, हे मेरिनोच्या चाहत्यांना आवडले नाही तरी खरे आहे.

लोकर टोचते, हा आक्षेप आपल्याकडे घोंगडीच्या अनुभवातून येतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, आणि साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके त्वचेला बोचतात. मेरिनो थरांचे तंतू बहुधा १७ ते १९.५ मायक्रॉनचे असल्याने ते टोचण्याऐवजी वाकतात. मात्र भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभ्या असलेल्या धनगराला जे ठाऊक असते, ते दोन्ही लोकरींना सारखेच लागू आहे: ओली झाली तरी ती ऊब पूर्णपणे सोडत नाही.

मेरिनोचा दुसरा मोठा गुण म्हणजे दुर्गंधी न धरणे. पॉलिएस्टर घामातील तेलकट अंश धरून ठेवते आणि धुतल्यावरही तासाभरात पूर्वीचा वास परत येतो. मेरिनो उन्हाआड वाऱ्यावर टांगली की तीन-चार वेळा सहज वापरता येते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेथे हा गुण किरकोळ मानू नये. मात्र धुण्याची वेळ आली की मेरिनो नखरे करते. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचे नाही, सावलीत आडवे पसरून वाळवायचे, अशी पथ्ये आहेत. गरम पाण्यात घुसळल्यास तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कपडा आटतो. ‘सुपरवॉश’ प्रक्रिया केलेली लोकर आटत नाही, पण तिलाही उकळते पाणी मानवत नाही. शिवाय उन्हाळ्यात पेटीत ठेवलेल्या मेरिनोला कसर लागते, म्हणून ती धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवावी.

टिकाऊपणात आणि किमतीत पॉलिएस्टर निर्विवाद पुढे आहे. एका चांगल्या मेरिनो थराच्या किमतीत पॉलिएस्टरचे तीन-चार थर सहज येतात, आणि पातळ मेरिनोला पाठपिशवीच्या पट्ट्याखाली किंवा बिबच्या (खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलच्या चड्डीच्या) शिवणीपाशी भोके पडतात. याच कारणाने नायलॉनच्या गाभ्यावर मेरिनो गुंडाळलेले मिश्र कापड निघाले. त्याची ऊब थोडी कमी, वाळण्याचा वेग थोडा अधिक आणि आयुष्य पुष्कळ अधिक असते. लेबलवर मेरिनोचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असेल, तर लोकरीचे बहुतेक गुण शाबूत राहतात.

वजनाच्या बाबतीत विक्रेते बहुधा जाड कपडा पुढे करतात, आणि तेथे सोलापूरकराने ठाम राहावे. येथे पहाटे १४ अंशांत निघालेला माणूस अकराला परततो तेव्हा पारा दुप्पट झालेला असतो, त्यामुळे २५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) थर हा निव्वळ शिक्षा ठरतो. बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा १५० जीएसएमचा थर, वर जर्सी, काढून खिशात ठेवता येणारे आर्मवॉर्मर (सुट्या बाह्या) आणि छातीवर वारा अडवणारे पातळ जाकीट, ही रचना अधिक कामाची आहे.

ज्यांच्या फेऱ्या शहराभोवतीच्या आणि सकाळी नऊपूर्वी संपणाऱ्या आहेत, त्यांनी मेरिनो घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. २७ तासांची मुदत असलेल्या ४०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत) मात्र, जेथे रात्री धाब्यावर थांबल्यावर अंग पाहता पाहता गार पडते आणि तोच कपडा दुसऱ्या दुपारपर्यंत अंगावर राहतो, पातळ मिश्र मेरिनोची किंमत वसूल होते. मनाली-लेह करू इच्छिणाऱ्याने दोन थर न्यावेत: ५,३२८ मीटर उंचीच्या तांगलांग ला सारख्या चढांसाठी १५० जीएसएमचा, आणि तंबूत झोपताना कोरडाच ठेवायचा २०० किंवा २५० जीएसएमचा पूर्ण बाह्यांचा.

मापासाठी दुकानात आरशासमोर ताठ उभे राहून भागत नाही. हँडल धरल्यासारखे पुढे वाकून पाहावे. पाठीमागचा काठ कमरेवरून वर सरकला, मनगटे उघडी पडली किंवा छातीपाशी चुण्या पडून कपडा त्वचेपासून सुटला, तर तो कितीही उंची लोकरीचा असला तरी परत ठेवावा.