बेल्ट, टेन्शनर आणि आयडलरचा संच: आठ महिन्यांनंतर

माझ्या जुन्या ट्रकच्या इंजिनावरचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि स्टिअरिंगचा पंप फिरवणारा नवा कोरा बेल्ट चार महिन्यांत तुटला, म्हणून बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) असा हा संच घेतला. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, आणि पाठोपाठ तापमानाचा काटा चढायला लागला. माझ्या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. आणखी थोडं रेटलं असतं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलंच असतं.

तुटलेले तुकडे फेकू नका, दोष त्यांच्यावरच दिसतो. माझ्या बेल्टच्या रिबा (आतल्या बाजूच्या लांबीभर जाणाऱ्या उंच रेघा) शाबूत होत्या, पण एका कडेचे दोरे सुटून पिंजले होते. म्हणजे बेल्ट जुना होऊन गेला नव्हता, तिरका चालत होता. मग प्रत्येक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटर ठीक, पाण्याच्या पंपाला ढिलाई नाही, गळतीही नाही. आयडलर मात्र वाळू भरल्यासारखा खरखरला, आणि टेन्शनरचा हात बोटांनी हलवला तर एका बाजूला कलत होता. आदल्या वेळी मी फक्त बेल्ट बदलला होता आणि हे दोन्ही तसेच ठेवले होते. नंतर चिवचिव सुरू झाली तेव्हा बेल्टवर स्प्रे मारत राहिलो. त्याऐवजी इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून रिबांवर जरासं पाणी मारायला हवं होतं. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज उलट वाढला तर ताण कमी आहे.

आता संचाबद्दल. बेल्टवर ६पीके२१०० छापलंय, म्हणजे ६ रिबा आणि २१०० मि.मी. लांबी. जुन्याशी तंतोतंत जुळला. टेन्शनरवर कमाल-किमान ताणाच्या खुणा आहेत आणि बेल्ट बसवल्यावर काटा बरोबर मधे आला, ते बघून फार बरं वाटलं. आयडलरचं बेअरिंग गुळगुळीत फिरतं, आवाज नाही.

तक्रार आहे ती सोबतच्या कागदाबद्दल. त्यावर बेल्ट कुठून कसा फिरवायचा याची आकृती नाही, बोल्ट किती आवळायचा तेही नाही. ते मला ट्रकच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावं लागलं. तुमच्या बॉनेटखालचं स्टिकर निघालं असेल तर जुना बेल्ट काढण्याआधी फोटो काढून ठेवा. लांब दांड्याचा पाना हवाच, टेन्शनरची स्प्रिंग चांगलीच ताठ आहे. बसवल्यावर टॉर्च मारून प्रत्येक पुलीवर सहाही रिबा खाचेत आहेत ना ते बघा. माझी एक रिब पहिल्यांदा अल्टरनेटरच्या पुलीबाहेर राहिली होती.

आठ महिने झाले, सकाळी थंड इंजिनलाही आवाज नाही. हा बेल्ट ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा आहे. तो जुन्या रबरासारखा लवकर चिरत नाही, त्याच्या रिबा हळूहळू झिजून मधल्या खाचा बदलत जातात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर न विसंबता मी खाचांची खोली प्लॅस्टिकच्या गेजने मोजतो. तुमच्या ट्रकला व्ही-बेल्ट (रिबा नसलेला, व्ही आकाराचा पट्टा) असेल आणि ताण अल्टरनेटर सरकवून द्यावा लागत असेल, तर हा संच तुमच्यासाठी नाही.