एका गळ्यातून तीन पिढ्या ऐकण्यासाठी: सोनी एमडीआर-७५०६ हेडफोन

गोकूचा बाप बार्डॉक, स्वतः गोकू आणि त्याची दोन पोरं गोहान नि गोतेन. ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी कार्टून मालिकेतल्या या घरातल्या तीन पिढ्या जपानी ट्रॅकवर एकाच बाईंच्या गळ्यातून येतात. बाईंचं नाव मासाको नोझावा, जन्म २५ ऑक्टोबर १९३६, तोक्यो. मोबाइलच्या स्पीकरवर हे चौघं जवळपास सारखेच ऐकू येतात. त्यांच्यातला फरक असतो श्वासात, वाक्याच्या शेवटात आणि आवाज छातीतून येतोय की टाळूवरून, यात. तो कानाला कळायला साधन धड लागतं. सोलापुरात बसून जपानी आवाज मन लावून ऐकणारे आणि घरच्या खोलीत डबिंगचा सराव करणारे, अशा दोघांच्या गरजा धरून सोनीच्या एमडीआर-७५०६ या वायरवाल्या हेडफोनचं हे परीक्षण.

आधी वस्तू कशी आहे ते. हे मॉडेल १९९१ पासून बाजारात आहे आणि आजही जवळजवळ त्याच रूपात मिळतं. ४० मिमीचा ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग), विद्युत अवरोध ६३ ओहम, वायर सोडून वजन २३० ग्रॅम. पाठ बंद, कप घडी होणारे, सोबत एक मऊ पिशवी. वायर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, डाव्या कपातून निघणारी, ताणली की ३ मीटरपर्यंत जाते. पिन ३.५ मिमीची, वर आट्यांनी फिरवून बसणारा ६.३ मिमीचा ॲडॉप्टर. ओहम जास्त नसल्यामुळे साध्या फोनवरही आवाज पुरतो, वेगळा ॲम्प्लिफायर लागत नाही. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागेल, आणि तो घेताना आत डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी चिप, आहे ना, एवढं विचारून घ्या. डीएसी नसलेला स्वस्त जोड बऱ्याच फोनवर मुकाच राहतो.

ऐकायला बसण्यापूर्वी फोनमधलं डॉल्बी, इक्वलायझर, सराउंड असं जे काही असेल ते सगळं बंद करा. ही सोय गोळीबार आणि गाण्यांसाठी असते, संवादाचा तिच्यात चिखल होतो. मग प्लेअरमध्ये ऑडिओ जपानी निवडा. जुन्या मालिकांचा जपानी ट्रॅक मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारा असतो, त्यामुळे बोलणारा बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. तो डावीउजवीकडे कलला तर आधी गादी कानाभोवती नीट बसली आहे का बघा. चष्म्याची काडी किंवा केसांची बट मध्ये आली तरी हवा जाते आणि त्या बाजूचा खालचा आवाज पातळ होतो.

आता मुख्य गोष्ट. नोझावाबाई तिसऱ्या वर्षापासून बालकलाकार. टीव्ही नवा होता तेव्हा जपानमध्ये परदेशी मालिकांचं डबिंग थेट प्रक्षेपणात व्हायचं. चूक झाली की ती तशीच घराघरांत ऐकू जायची. लहान मुलांवर ही जोखीम टाकता येत नव्हती, म्हणून मुलग्यांची कामं मोठ्या बायकांकडे आली. ॲनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनमध्ये, आजही पोरांचे आवाज बहुतेक बायकाच देतात. त्या परंपरेची एक मोठी मुळी इथे आहे आणि नोझावाबाई त्या पहिल्या फळीतल्या. १९६८ साली त्यांनी ‘गेगेगे नो कितारो’मधल्या भूतांच्या पोराला, कितारोला आवाज दिला. १९७७ मध्ये रास्कल हे रॅकून, १९७८ पासून ‘गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९’मधला तेत्सुरो, १९८० मध्ये टॉम सॉयर. आणि आपल्याकडच्या पोरांना माहीत नसलेली एक गोष्ट: १९७३ साली डोरेमॉनची जी पहिली टीव्ही मालिका आली, तिच्या उत्तरार्धात डोरेमॉनचा आवाज नोझावाबाईंचा होता.

हेडफोनची खरी परीक्षा कितारोवरच घ्यावी. १९६८ ची मालिका कृष्णधवल, ध्वनी मोनो आणि अरुंद. ७५०६ इथे काहीही लपवत नाही: ध्वनिपट्टीची खरखर, वरचा कापलेला आवाज, सगळं उघडं पडतं. पण त्या खरखरीतूनही पोराच्या आवाजाखालचा तरुण, ताठ गळा स्पष्ट कळतो. मग २०१८ ची मालिका लावा. पन्नास वर्षांनी त्याच बाई कितारोच्या बापाचा, म्हणजे डोक्याच्या जागी डोळा असलेल्या इवल्याशा मेदामा-ओयाजीचा आवाज देतात. कितारो आता मियुकी सावाशिरो यांच्याकडे. ज्यांनी लेक उभा केला त्याच आता बाप झाल्या, आणि समोर नवा लेक बोलतोय. हे दोन भाग लागोपाठ ऐकावेत. बापाच्या आवाजात वय जाणवतं, तरी शब्दाची पकड तसूभर सैल झालेली नाही. साध्या इअरफोनवर मेदामा-ओयाजी नुसता चिरका वाटतो. ७५०६ वर त्या चिरकेपणाखाली असलेली घशातली हवा ऐकू येते.

गोकू टीव्हीवर आला २६ फेब्रुवारी १९८६ ला. पुढे गोकू मोठा झाला, १९८९ मध्ये ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही पुढची मालिका सुरू झाली, तरी आवाज बदलला नाही. एरवी पात्र वयात आलं की कलाकार बदलतात. ‘झेड’चे २९१ भाग, २०१५ पासून ‘ड्रॅगन बॉल सुपर’चे १३१, आणि २०२४-२५ मध्ये ‘ड्रॅगन बॉल दाइमा’चे २० भाग. व्हिडिओ गेममध्ये एकाच पात्राला २३ वर्षं २१८ दिवस आवाज दिल्याची नोंद गिनीजकडे आहे. २०२२ च्या ‘सुपर हीरो’ चित्रपटात गोकू, गोहान, गोतेन तिघंही त्याच आहेत, वयाच्या ८५ व्या वर्षी.

गोकू स्वतःला ‘ओरा’ म्हणतो, हे खेडवळ बोलणं. गोहान ‘बोकु’ म्हणतो, हे शिकल्या पोराचं. एक भाऊ ‘काय करायलास’ म्हणणारा आणि दुसरा ‘काय करतो आहेस’ म्हणणारा, असा काहीसा फरक. पण नोझावाबाई फक्त शब्दावर थांबत नाहीत. गोकूचं वाक्य तोंड मोकळं ठेवून सुटतं आणि शेवट बाहेर फेकला जातो. गोहानचा शेवट आत वळतो, जरा उशिरा मिटतो. गोतेनचा आवाज जिभेच्या टोकाशी असतो. बार्डॉक खाली, छातीत, दात आवळून. डोळे मिटून पात्र ओळखायचा सराव करा. या हेडफोनवर चार-पाच संवादांत जमायला लागतं, कारण मधल्या पट्टीत, म्हणजे माणसाचा आवाज जिथे राहतो तिथे, तो फार भर घालत नाही.

वरच्या पट्टीत मात्र घालतो. ८ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा उठाव आहे. जपानी ऐकणाऱ्याला याचा फायदाच होतो. जपानीत ‘देसु’मधला ‘उ’ आणि ‘श्ता’मधली ‘इ’ नुसत्या हवेत विरते. ही विरलेली हवा या हेडफोनवर नेमकी सापडते. तोटा असा की ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात, आणि दोन तास सलग ऐकलं की कान शिणतात. लांब बैठकीसाठी इक्वलायझर तेवढ्यापुरता चालू करून ९ किलोहर्ट्झला ३ डेसिबल कमी करा. रेकॉर्डिंग तपासताना मात्र ती कपात काढून टाका, नाहीतर आपल्याच आवाजातला टोचरा ‘स’ लक्षात येणार नाही. याच्या जोडीचा, सोनीचाच एमडीआर-सीडी९००एसटी जपानी स्टुडिओंत सर्रास दिसतो. त्याची वायर सरळ आणि पिन थेट ६.३ मिमीची. घरच्या वापराला ७५०६ सोयीचा.

डबिंगच्या सरावाला वापरणार असाल तर जपानी कामाच्या दोन पद्धती आधी समजून घ्या. ॲनिमेच्या ध्वनिमुद्रणाला ते ‘आफुरेको’ म्हणतात. तीन-चार माइक ओळीत, कलाकार हातात संहिता घेऊन उभे, समोर चित्र. आपला संवाद आला की मोकळ्या माइकपाशी जायचं, झाला की पाऊल न वाजवता मागे यायचं, पान उलटल्याचा आवाज येऊ द्यायचा नाही. आधी तालीम, मग ‘होनबान’, म्हणजे खरा टेक. इथे बहुतेक कलाकार कानाला काही लावत नाहीत, समोरच्याचा आवाज खोलीतच ऐकतात. परदेशी चित्रपटाचं डबिंग वेगळं. तिथे मूळ आवाज एका कानात चालू असतो. म्हणून ॲनिमेचा सराव करताना ७५०६ उतरवून ठेवा. इंग्रजी किंवा तेलुगू प्रसंगावर मराठी बोलायचं असेल तर डाव्या कानाला लावा, उजवा कप कानामागे डोक्याला टेकवा आणि सॉफ्टवेअरमध्ये आवाज फक्त डावीकडे पाठवा. उजवा कप उघडा ठेवला तर त्यातला आवाज माइकमध्ये शिरतो आणि नंतर काढता येत नाही.

ब्लूटूथ या कामाला चालत नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनला १०० ते २०० मिलिसेकंद उशीर होतो. २४ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ दोन ते पाच फ्रेम पुढे निघून जातात. ॲनिमेत ओठांच्या बहुधा तीनच आकृत्या असतात (मिटलेले, अर्धे, उघडे), म्हणून मधला फरक खपतो, पण तोंड मिटल्यावर आवाज चालू राहिला की लगेच खटकतं.

खोलीचं काय करायचं? त्याला सोलापुरी चादर आहेच. माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर बोला आणि आपल्या पाठीमागच्या भिंतीवर जाड चादर दोन पदरी टांगा, भिंतीपासून १० सेंटिमीटर सोडून. मधल्या हवेमुळे साधारण ८५० हर्ट्झच्या वरचा घुमारा बराच दबतो. खालचा घुमारा चादरीने जात नाही. शहराच्या पूर्व भागात शेजारी पॉवरलूम चालू असेल तर त्याची धडधड ना चादर अडवते ना हा हेडफोन. बंद पाठीमुळे पंख्याची वरची सूं कमी होते, लूमची खालची थाप तशीच पोचते. रेकॉर्डिंग लूम बंद असताना उरका.

सोलापूरच्या उन्हाची गोष्ट शेवटी, कारण पैसे तिथेच जातात. गाद्या पातळ कृत्रिम चामड्याच्या आहेत. ४२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात घामाने त्यांचे काळे पापुद्रे निघून कानाला चिकटतात. वापर झाला की सुक्या सुती कापडाने पुसा, पत्र्याखालच्या फळीवर किंवा गाडीत ठेवू नका. गादी उथळ असल्यामुळे कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते आणि तासाभराने दुखते. जाड वेलूरची (मखमली कापडाची) गादी लावली की हे दुखणं थांबतं, पण ड्रायव्हर कानापासून लांब जातो, खालचा आवाज घटतो आणि वर सांगितलेली गोकू-गोहानची पारख बिघडते. मूळ मापाचीच गादी घ्या. जुनीची कड कपाच्या खाचेतून बोटाने उचलून काढा, जाळीवरचा पातळ फोम जागेवर राहू द्या, नवीची कड आधी एका बाजूला अडकवून गोल फिरवत बसवा. हे करताना कप आणि दांडी यांच्यामधून जाणारी उघडी वायर सांभाळा. ती चिमटली तर एक बाजू मुकी होते, आणि वायर कपातून सुटी होत नसल्यामुळे डाग द्यायलाच न्यावं लागतं. आतल्या तारांवर लाखेचा लेप असतो. तो आधी जाळला नाही तर डाग धरत नाही, हे कारागिराला सांगून ठेवा.