मोठा क्लब की छोटा क्लब? मुलांच्या स्पर्धात्मक फुटबॉलविषयी

हौशी लीगमध्ये काही हंगाम खेळल्यावर ज्या मुलांना फुटबॉल मनापासून आवडू लागतो, त्यांच्या पालकांपुढे साधारण 10 ते 12 या वयात एक प्रश्न उभा राहतो. चाचणी घेऊन खेळाडू निवडणाऱ्या स्पर्धात्मक क्लबमध्ये मुलाला घालायचे, इतके बहुतेकांचे ठरलेले असते. मात्र तो क्लब कोणत्या प्रकारचा असावा, याचा विचार पुरेसा झालेला नसतो. एकीकडे प्रत्येक वयोगटात तीन-चार संघ उतरवणारा मोठा क्लब असतो, तर दुसरीकडे वयोगटाला एकच संघ असलेला आणि मोजक्या प्रशिक्षकांच्या बळावर चालणारा छोटा क्लब. आमची मुलगी या दोन्ही ठिकाणी खेळलेली आहे. दोन्हीकडच्या चांगल्या गोष्टी मी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिल्या आहेत, आणि त्याच अनुभवावर पुढचे लिहीत आहे. इतर पालकांचा अनुभव वेगळा असू शकेल, हे मी मान्य करतो.

निवड चाचणीपासूनच दोहोंतला फरक जाणवू लागतो. मोठ्या क्लबच्या चाचणीला मुलांची गर्दी असते, प्रत्येकाच्या अंगावर क्रमांकाचे जाकीट असते, आणि छोट्या छोट्या सामन्यांत प्रत्येकाच्या वाट्याला जेवढा चेंडू येईल तेवढ्यावरून निर्णय होतो. एवढ्या थोड्या वेळात परीक्षकाच्या नजरेत वेग आणि अंगकाठी सर्वांत आधी भरते, आणि यात त्याचा दोष आहे असेही म्हणता येत नाही. परंतु या वयात अंगकाठी हा बहुतांशी जन्मतारखेचा परिणाम असतो. वयोगटाची सीमारेषा 1 जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच संघासाठी झगडतात, आणि निवडलेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसतो. या गोष्टीकडे 1985 साली कॅनडातील आइस हॉकीच्या निमित्ताने संशोधकांनी लक्ष वेधले, आणि त्यानंतर फुटबॉलमध्येही ती वारंवार दिसून आली आहे. इंग्लंडमध्ये ही सीमारेषा 1 सप्टेंबरला असते. तिथे जुलैच्या अखेरीस जन्मलेल्या, म्हणजे आपल्या वयोगटात जवळपास सर्वांत लहान असलेल्या, हॅरी केनला आर्सेनल या क्लबने लहान वयातच सोडून दिले होते, आणि पुढे तोच इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. असे उदाहरण लाखांत एखादे असते, म्हणून त्यावरून आपल्या मुलाविषयी अपेक्षा बांधू नयेत. मात्र चाचणीचा निकाल किती तात्पुरता असतो, हे त्यावरून नक्की समजते. छोट्या क्लबने आमच्या मुलीला औपचारिक चाचणीऐवजी काही दिवस नेहमीच्या सरावालाच बोलावले. त्या प्रशिक्षकांनी तिला थकलेली पाहिली, चुकल्यावर ती काय करते हे पाहिले, आणि मगच होकार दिला.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मोठ्या क्लबचे पारडे जड आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. तिथे कोणत्या वयात काय शिकवायचे याचा आराखडा असतो. सातजणांच्या खेळातून नऊजणांच्या आणि पुढे अकराजणांच्या खेळात जाताना मैदान मोठे होते, चार नंबरचा चेंडू जाऊन पाच नंबरचा येतो, ऑफसाइडची रेषा सांभाळावी लागते, आणि या स्थित्यंतरात अनेक मुले हंगामभर चाचपडत राहतात. मोठ्या क्लबमध्ये ही तयारी आधीपासून करून घेतात. चेंडू पायात येण्यापूर्वी मान वळवून दोन्ही खांद्यांमागे पाहून घ्यायचे, ही आमच्या मुलीची सवय तिथल्या सरावात जडली आणि ती आजही टिकून आहे. त्याहून मोठा लाभ म्हणजे सोबतची मुले. सरावात समोरची मुलगी झटपट अंगावर येत असेल, तर चेंडूवरचा पहिला स्पर्श आपोआप सुधारतो, आणि असा दबाव कोणताही प्रशिक्षक नुसत्या सूचना देऊन निर्माण करू शकत नाही.

याउलट छोट्या क्लबमध्ये एकाच सरावात फार तयार आणि फार कच्ची अशी दोन्ही प्रकारची मुले असतात, आणि त्यामुळे काही संध्याकाळी सराव रेंगाळतो. तिथली जमेची बाजू वेगळी आहे. मोठ्या क्लबमध्ये प्रशिक्षक बहुधा वयोगटाला बांधलेला असतो, म्हणून दरवर्षी नवा प्रशिक्षक येतो आणि मुलाला स्वतःची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते. छोट्या क्लबमधला प्रशिक्षक त्याच मुलांबरोबर पुढच्या वयोगटात जातो. आमच्या मुलीचा डावा पाय कच्चा आहे हे ओळखून त्यांनी तिला मुद्दाम बचावफळीत डाव्या बाजूला खेळवले, पुढच्या हंगामातही तिथेच ठेवले, आणि या निर्णयामुळे सुरुवातीला झालेले गोल शांतपणे पचवले. पुढच्या वर्षी हेच मूल आपल्याकडे असणार, याची खात्री असलेला माणूसच एवढा धीर धरू शकतो, असे मला वाटते.

एवढ्यावर निवड करायची असती, तर कदाचित आम्ही मोठ्या क्लबमध्येच राहिलो असतो. आमचा निर्णय झाला तो एका लहानशा वाटणाऱ्या गोष्टीमुळे, आणि ती म्हणजे सामन्याच्या दिवशी वरच्या संघातून येणारे पाहुणे खेळाडू. अनेक संघ असलेल्या क्लबमध्ये वरच्या आणि खालच्या संघांत खेळाडूंची ये-जा चालते, आणि बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत एका क्लबच्या खेळाडूला त्याच क्लबच्या दुसऱ्या संघातून खेळवण्याची काही प्रमाणात मुभा असते. कागदावर ही व्यवस्था चांगलीच आहे. खालच्या संघातल्या होतकरू मुलाला वर खेळून पाहता येते, आणि दुखापतीतून परतणाऱ्या मुलाला सोप्या सामन्यातून सुरुवात करता येते. प्रत्यक्षात मात्र ये-जा दोन्ही दिशांनी सारखी होत नाही. आमच्या मुलीच्या संघात वरून खाली येणाऱ्या मुलीच अधिक दिसत, आणि त्या नेमक्या अशा सामन्यांना येत, ज्यांच्या निकालावर गुणतक्त्यातले स्थान अवलंबून असे.

आठवडाभर सराव केलेली मुलगी सामन्याच्या दिवशी बूट बांधून मैदानावर पोहोचते आणि तिथे तिच्या जागेवर खेळणारी दुसरी मुलगी आधीच वॉर्म-अप करताना तिला दिसते. याची पूर्वसूचना कोणी दिलेली नसते. मी प्रशिक्षकांना विचारले तेव्हा त्यांनी सौजन्याने आणि पटेल असेच उत्तर दिले: वरच्या संघाचा सामना रद्द झाला आहे, त्या मुलींनाही खेळायला मिळायला हवे, आणि आपल्या संघाची श्रेणी टिकवणेही गरजेचे आहे. यातले एकही कारण खोटे नव्हते. तरीही या सगळ्यात सरावाला न चुकता येणाऱ्या मुलींचा विचार शेवटी होत होता. बाकावर बसावे लागण्याला माझी हरकत नाही. स्पर्धात्मक खेळात उतरायचे तर बाकही आलाच. आपल्यापेक्षा चांगली खेळणारी सहकारी आपल्या जागी उतरली, तर मुले ते समजून घेतात आणि त्यातून शिकतातही. पण आठवडाभर सोबत सराव न केलेली व्यक्ती आपली जागा घेते, तेव्हा सराव आणि सामना यांतला संबंधच मुलाच्या मनातून तुटतो. घरी येताना आज सरावात काय केले हे सांगणारी आमची मुलगी हळूहळू एवढेच विचारू लागली, की रविवारी वरून कोण येणार आहे. क्लब बदलण्याचा विचार आमच्या घरात सुरू झाला तो तिच्या या प्रश्नामुळे.

या संदर्भात नियमांतली एक तरतूद पालकांना ठाऊक असावी. युवा आणि तळाच्या स्तरावरील फुटबॉलमध्ये बदली होऊन बाहेर गेलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात पुन्हा मैदानात उतरवण्याची परवानगी देण्याची मुभा 2017 पासून राष्ट्रीय संघटनांना मिळालेली आहे, आणि अनेक स्पर्धांत तसे खेळले जाते. अशा स्पर्धेत सगळ्या मुलांना आलटून-पालटून खेळवण्यात नियमाची कोणतीच आडकाठी उरत नाही. एखादे मूल सामनाभर बाकावर राहिले, तर तो प्रशिक्षकाचा निर्णय असतो, आणि अशा निर्णयामागे बहुधा गुणतक्ता असतो. नॉर्वेमध्ये 11 वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी ठेवतच नाहीत. तसा नियम सगळीकडे व्हावा असा माझा आग्रह नाही; पण तक्ता नसता तर त्या रविवारी कोण खेळले असते, हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येऊन गेला.

छोट्या क्लबमध्ये ही अडचण उद्भवतच नाही, कारण पाहुणे येतील असा दुसरा संघच नसतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. दोन मुली आजारी पडल्या की बदली खेळाडू जवळपास उरत नाहीत, आणि काही वेळा एक मुलगी कमी असतानाही खेळावे लागते. आम्ही पूर्वीपेक्षा जास्त सामने हरतो, आणि काही पराभव मोठ्या फरकाचे असतात. मुलीला किती मिनिटे खेळायला मिळते हे मी घड्याळ लावून मोजलेले नाही, पण ती सामन्यातून दमून परतते आणि सामन्यातले प्रसंग तिला बारकाव्यांसह आठवतात. गोलरक्षक आली नाही म्हणून एकदा तिला गोलमध्ये उभे केले गेले. बचावफळीने गोलरक्षकाशी सतत बोलत का राहावे, हे त्यानंतर तिला पुन्हा सांगावे लागले नाही. शिकण्यासाठी मूल प्रत्यक्ष मैदानात असावे लागते, या मताकडे मी या अनुभवामुळे झुकलो आहे.

शरीराची काळजी घेण्यात मोठा क्लब पुन्हा पुढे आहे, आणि मुलींच्या पालकांनी हा मुद्दा हलका समजू नये. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांच्या तुलनेत वाढतो. फुटबॉलमधल्या दुखापती टाळण्यासाठी फिफाने ‘11+’ हा सुमारे 20 मिनिटांचा वॉर्म-अप तयार केला असून, नॉर्वेतील 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे गंभीर दुखापती कमी झाल्याचे दिसले. मोठ्या क्लबमध्ये तो नेमाने करून घेत असत. छोट्या क्लबमध्ये पालकांनी विनंती केल्यावर तो सुरू झाला. छोट्या क्लबमध्ये दुसरीही एक काळजी असते, ती म्हणजे चांगल्या खेळाडूला विश्रांतीच मिळत नाही. आठवड्यातल्या संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा क्रीडावैद्यकातील संकेत इथे पालकांनीच पाळावा लागतो. वाढीच्या वयात टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखत असल्याची तक्रार मुलाने केली, तर सामना कितीही महत्त्वाचा असला तरी त्याला घरी ठेवण्याचा निर्णयही आपल्यालाच घ्यावा लागतो.

प्रवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मोठ्या क्लबचे संघ वरच्या श्रेणीत खेळतात, त्यामुळे सामने दूर असतात. छोट्या क्लबचे सामने तुलनेने जवळ होतात. धाकटे भावंड असलेल्या घरात हा फरक पहिल्याच महिन्यात कळतो.

असे असले तरी काही मुलांसाठी मी निःशंकपणे मोठा क्लबच सुचवेन. मूल गोलरक्षक असेल, तर स्वतंत्र गोलरक्षक-प्रशिक्षक असलेल्या क्लबला पर्याय नाही. ते तंत्र इतरांबरोबरच्या सरावात शिकता येत नाही. मूल छोट्या क्लबच्या सरावात स्पष्टपणे सगळ्यांच्या पुढे असेल आणि कंटाळू लागले असेल, तर त्याला अधिक कठीण सोबत द्यायला हवी. आणि चाचणीनंतर मोठ्या क्लबच्या सर्वांत वरच्या संघात जागा मिळत असेल, तर मी वर केलेली तक्रार त्याला लागू होणार नाही, कारण पाहुणे तिथूनच निघतात. प्रश्न आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या संघात निवड होणाऱ्या मुलांचा, आणि मोठ्या क्लबमध्ये निवडली जाणारी बहुतेक मुले तिथेच जातात. त्यांच्या पालकांनी एकसंघी छोट्या क्लबचा विचार आधी करावा, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

नोंदणीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी वरच्या संघाचा सामना पाहायला जाऊ नये. आपले मूल ज्या संघात जाणार आहे, त्याचाच सामना पाहावा, आणि शक्य असेल तर तो हंगामाच्या शेवटी, गुण महत्त्वाचे असतानाचा असावा. उत्तरार्धात बाकावर कोण बसले आहे आणि ते किती वेळ बसून राहते, याकडे लक्ष ठेवावे. त्यानंतर प्रशिक्षकांना दोन गोष्टी विचाराव्यात: पुढच्या वर्षी हा संघ तुमच्याकडेच असेल का, आणि दुसऱ्या संघातले खेळाडू या संघातून खेळणार असतील तर ते मुलांना कधी आणि कोण सांगते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे. जो क्लब ते विनासायास देईल, तो मोठा असला तरी मी त्याचा विचार करीन.